चार आण्यांची यात्रा

न्यू हॅम्पशायर म्हटलं की बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी उभ्या राहतात. एक म्हणजे ऑक्टोबरातली रंगीत पानं, आणि दुसरी म्हणजे विक्रीकर नसलेली दुकानं. भारतातून पाहुणे आले की त्यांचा पहिला शनिवार ठरलेला. सकाळी पुऱ्या आणि बटाट्याच्या भाजीचे डबे, दुपारी कँकमॅगस हायवे, आणि परत येताना नॅशुआच्या मॉलमध्ये 'फक्त अर्धा तास'. त्या मॉलचीही एक गंमत आहे. इमारतीचा कोपरा मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीत जाऊन कर लागू नये म्हणून तो कोपराच कापून टाकलेला आहे! पूर्वी डोंगरकड्यावरचा दगडी म्हातारा दाखवायचाही रिवाज होता. तो बिचारा ३ मे २००३ रोजी कोसळला, आणि तेव्हापासून पाहुण्यांना रिकाम्या कड्याकडे बोट दाखवून "इथे पूर्वी एक म्हातारा होता" असं सांगावं लागतं.

आज मी वाचकांना नेणार आहे ती ह्याच रस्त्याने, पण जरा निराळ्या यात्रेला. ही यात्रा आहे व्हिडिओ गेमची. लगेच नाक मुरडू नका. मीही सत्तरीतली बाई आहे, गुडघ्यांना पट्टे बांधून फिरते, आणि मला पत्त्यांतल्या बदामसातपलीकडे फारसं काही खेळता येत नाही. पण केंब्रिजपासून विनिपसॉकी तळ्यापर्यंतच्या दोन-अडीच तासांच्या ह्या पट्ट्यात त्या खेळांचा जो इतिहास घडला आहे, तो पाहिल्यावर वाटलं, की आपण इतकी वर्षं ह्या भागात राहतो, लेक्सिंग्टन-काँकर्डला येईल त्या पाहुण्याला नेऊन उभं करतो, मग ही स्थळं का दाखवत नाही?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पाच जण गाडीत होतो. आमचे हे, मी, आमचा मुलगा, त्याचा बारा वर्षांचा मुलगा, आणि माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. हा भाचा पुण्यात वाढला. नोकरीच्या निमित्ताने तो आता आमच्यापासून वीस मैलांवर राहायला आला आहे. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना इथे आला, न्यू जर्सीत शाळेत गेला, आणि आता पन्नाशी ओलांडून बसला आहे. भाचा चाळिशीतला. दोघे सख्खे मावसभाऊ, पण दर तीन वर्षांनी पुण्याला गेलो की त्यांचं संभाषण म्हणजे "काय रे, कसा आहेस?" "बरा आहे दादा, तू?" आणि पुढे शांतता. एकाचं मराठी अडखळतं, दुसऱ्याचं इंग्रजी ऑफिसातलं. लग्नामुंजीत शेजारी शेजारी बसून दोघे आपापल्या पानातली जिलबी संपवायचे. माझ्या बहिणीला आणि मला ह्याचं फार वाईट वाटे. आम्ही दोघी एका खोलीत वाढलो, एका वेणीफणीच्या पेटीवरून भांडलो, आणि आमची मुलं एकमेकांना पाहुण्यासारखी वागवतात! भाचा इतका जवळ राहायला आल्यावरही दिवाळीच्या फराळापलीकडे जाणंयेणं नव्हतं.

तर यात्रेचा आरंभ केंब्रिजला. १९६२ साली एम.आय.टी.मध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ ह्या संगणकावर 'स्पेसवॉर' नावाचा खेळ तयार केला. दोन अवकाशयानं, मध्ये एक तारा, त्याचं गुरुत्वाकर्षण, आणि एकमेकांवर गोळीबार. तो संगणक मेनर्डच्या 'डिजिटल' कंपनीचा. मेनर्डच्या त्या जुन्या लोकरगिरणीत आपल्यापैकी कितीतरी जणांनी उमेदीची वर्षं घालवली आहेत, त्यांना हे वाचून जुने दिवस आठवतील. मात्र पीडीपी-१ ची किंमत लाखावर डॉलर्स होती. त्यामुळे हा खेळ खेळायचा तर विद्यापीठातच जन्म घ्यायला हवा होता.

तो सामान्य माणसाच्या दिवाणखान्यात आणण्याचा मान जातो नॅशुआला. होय, आपल्याच नॅशुआला! तिथे कनॅल स्ट्रीटवर 'सँडर्स असोसिएट्स' ही संरक्षण खात्याची कामं करणारी कंपनी होती, आणि तिच्यात राल्फ बेअर नावाचे इंजिनिअर होते. बेअर १९२२ साली जर्मनीत एका ज्यू कुटुंबात जन्मले. १९३८ साली, सोळा वर्षांचे असताना, नाझींच्या छळातून निसटून आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आले. कारखान्यात काम करता करता त्यांनी टपालाने रेडिओ दुरुस्तीचा अभ्यास केला, महायुद्धात अमेरिकन सैन्यात गेले, आणि नंतर शिकागोला टेलिव्हिजन इंजिनिअरिंगची पदवी घेतली. १९६६ सालच्या उन्हाळ्याच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या एका बस स्थानकाबाहेर कुणाची तरी वाट पाहत असताना त्यांच्या मनात आलं, की देशात एवढे कोट्यवधी टीव्ही आहेत, त्यांचं फक्त बघतच काय बसायचं? त्यांच्याशी खेळता का येऊ नये? तिथेच त्यांनी टिपणं काढली, आणि परत आल्यावर चार पानांचा आराखडा लिहिला.

पुढे बिल हॅरिसन आणि बिल रश ह्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी एकामागून एक नमुने तयार केले. शेवटच्या नमुन्यावर लाकडासारखा दिसणारा चिकटपट्टीचा कागद लावला होता, म्हणून त्याचं नाव पडलं 'ब्राऊन बॉक्स'. त्यावर टेबलटेनिस खेळता येई, आणि टीव्हीवरच्या ठिपक्यावर नेम धरायची एक बंदूकसुद्धा होती. तोच पुढे १९७२ साली 'मॅग्नावॉक्स ओडिसी' ह्या नावाने बाजारात आला. त्याचं टेबलटेनिस नोलन बुशनेल ह्यांनी पाहिलं, आणि त्याच वर्षी त्यांच्या 'अटारी' कंपनीत अ‍ॅलन अलकॉर्न ह्यांनी 'पाँग' तयार केला. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका गुत्त्यात तो ठेवला, आणि थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. जाऊन पाहतात तर बिघाड काही नाही, नाणी पडायचा डबा भरून वाहत होता! सनीव्हेलच्या आपल्या वाचकांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि 'अटारी'ला परवान्याचे पैसे मोजावे लागले.

नॅशुआहून वर गेलं की मँचेस्टर लागतं. मेरिमॅक नदीच्या काठाने लाल विटांच्या अ‍ॅमॉस्केग गिरण्यांची लांबच लांब रांग दिसते. एकेकाळी जगातल्या सर्वांत मोठ्या कापडगिरण्यांत त्यांची गणना होत होती. १९३० च्या दशकात त्या बंद पडल्या. आमचे ह्यांचं बालपण परळला गेलं, त्यामुळे धुराडं दिसलं की ते दोन मिनिटं गप्प होतात. त्या गिरण्यांजवळच आर्म्स पार्कमध्ये राल्फ बेअर ह्यांचा ब्राँझचा पुतळा आहे. ते आयुष्यातली बरीच वर्षं मँचेस्टरला राहिले, २०१४ साली इथेच वारले, आणि २०१९ मध्ये हा पुतळा बसवला. पुतळा घोड्यावर नाही, हातात तलवार नाही. एका बाकावर म्हातारबुवा बसले आहेत, आणि शेजारी आपल्याला बसायला जागा ठेवली आहे. नातू जाऊन खुशाल शेजारी बसला. त्याला वाटत होतं व्हिडिओ गेमचा शोध जपानात लागला. भाचा मात्र बराच वेळ तिथली माहिती वाचत उभा होता. मग म्हणाला, "मावशी, सोळाव्या वर्षी सगळं सोडून आला होता हा माणूस." परदेशात नव्याने घर मांडलेल्या माणसाला अशा गोष्टी जास्त जाणवतात.

मँचेस्टरहून आय-९३ धरून उत्तरेला, एक्झिट २३, मग मेरेडिथमार्गे रूट ३. उजव्या-डाव्या हाताला पाइनची झाडं, मधूनच तळ्याचं पाणी चमकतं. विनिपसॉकी हे न्यू हॅम्पशायरचं सर्वांत मोठं तळं, क्षेत्रफळ सुमारे ७२ चौरस मैल. त्याच्या काठी लकोनिया गावात वीअर्स बीच आहे. 'वीअर' म्हणजे मासे अडवायचा बांध. इथले मूळ रहिवासी पाण्यात बांध घालून मासे धरत, त्यावरून हे नाव पडलं. किनाऱ्याजवळ एंडिकॉट रॉक नावाचा खडक जपून ठेवला आहे. १६५२ साली मॅसॅच्युसेट्सची उत्तर हद्द ठरवायला आलेल्या मोजणीदारांनी त्यावर अक्षरं कोरली होती. आपल्याकडे शिवाजी महाराज तेव्हा बावीस वर्षांचे होते! दर जूनमध्ये इथे मोटारसायकलवाल्यांची प्रचंड जत्रा भरते. ज्यांना कान आणि झोप प्यारी आहे त्यांनी तो आठवडा टाळावा.

आणि इथेच रूट ३ वर 'फनस्पॉट' आहे. १९५२ साली बॉब लॉटन ह्या तरुणाने आजीकडून ७५० डॉलर्स उसने घेऊन वीअर्स बीचला छोटंसं मिनी-गोल्फ आणि पेनी आर्केड सुरू केलं. १९६४ मध्ये ते आजच्या जागी आलं. वाढत वाढत त्याची एवढी मोठी इमारत झाली, की २००८ साली गिनेसने जगातलं सर्वांत मोठं आर्केड म्हणून त्याची नोंद केली. आज्यांनी नातवांना पैसे द्यावेत की नाही ह्या विषयावर आमच्या घरी नेहमी चर्चा होते. तेव्हा ही गोष्ट मी लक्षात ठेवली आहे.

खालच्या मजल्यांवर बोलिंग, नवी यंत्रं, आरडाओरडा, पिझ्झाचा वास. पण आपल्याला जायचं आहे वरच्या मजल्यावर. तिथे १९९८ साली गॅरी व्हिन्सेंट ह्यांच्या पुढाकाराने 'अमेरिकन क्लासिक आर्केड म्युझियम' सुरू झालं. ही ना-नफा तत्त्वावरची संस्था आहे. मुख्यतः १९८८ च्या आधीची यंत्रं, शेकड्यांनी, भिंतीला पाठ लावून रांगेत उभी. दिवे मंद, ऐंशीच्या दशकातली गाणी चालू, आणि सगळ्या यंत्रांचा मिळून एक अखंड किलबिलाट. संग्रहालय म्हटलं की आपल्याला काचेमागची भांडी आणि 'हात लावू नये' ही पाटी आठवते. इथे उलट. हात लावल्याशिवाय काही दिसतच नाही. प्रवेशाला पैसे नाहीत, फक्त टोकन विकत घ्यायचं आणि खेळायचं. क्वार्टरला आमच्या घरी अजून 'चार आणे' म्हणतात, तेव्हा आम्ही चार आण्यांचीच भाषा चालू ठेवली.

आत शिरलो आणि आमच्या मुलाची चालच बदलली. सगळ्यांच्या पुढे जाऊन 'डिफेंडर'समोर उभा! १९८१ चा हा खेळ. एक दांडा आणि पाच बटणं: पुढे जायचं, गोळी झाडायची, उलट फिरायचं, बाँब टाकायचा, आणि अगदीच जिवावर बेतलं तर अदृश्य होऊन दुसरीकडेच उगवायचं. हे सगळं दहा बोटांनी, एका वेळी. खाली जमिनीवरची माणसं परग्रहवासी उचलून नेत असतात, त्यांना वाचवायचं. मुलगा अर्ध्या मिनिटात मेला. दुसऱ्यांदा वीस सेकंदांत. "आई, हा सगळ्यात कठीण," तो घाम पुसत म्हणाला. "मी सिक्स्थ ग्रेडमध्ये असताना ह्याच्यावर माझा सगळा अलाउन्स गेला."

"कठीण? दादा, हे काहीच नाही," भाचा मागून बोलला. हे 'काहीच नाही' मला फार आवडलं. पुणेकराला कुठल्याही देशात नेलं तरी तो 'काहीच नाही' म्हणणारच. त्याने 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स'समोर नेऊन उभं केलं. १९८५ चा जपानी खेळ. चिलखत घातलेला एक सरदार, भुतं आणि थडगी. एक फटका बसला की चिलखत गळून पडतं आणि सरदार नुसत्या चड्डीवर धावत सुटतो! नातू हसून हसून खाली बसायचा राहिला. आणि एवढं करून कुणी शेवटपर्यंत पोचलाच, तर पडद्यावर काय येतं, तर 'हा सगळा सैतानाने निर्माण केलेला भास होता', आणि परत पहिल्यापासून सुरुवात! आमचे हे म्हणाले, "हा खेळ कुणा वेदान्त्याने लिहिलेला दिसतो."

हे खेळ इतके कठीण का, ह्याचं उत्तर सोपं आहे. यंत्र ठेवणाऱ्याची कमाई नाण्यांवर. एका नाण्यात खेळणारा तासभर रेंगाळला तर धंदा बुडाला. पण पहिल्याच सेकंदाला मेला तर परत नाणं टाकणार नाही. तेव्हा 'जरा आणखी जमलं असतं' असं वाटेल इतपतच जगू द्यायचं, हे सगळं गणित.

'पॅकमॅन'ला तर आपण सगळेच ओळखतो. १९८० साली तोरू इवातानी ह्या जपानी माणसाने तो तयार केला. पिवळा गोळा, ठिपके खातो, मागे चार भुतं. मुलाने सांगितलं की चारही भुतांचे स्वभाव वेगळे. लाल सरळ पाठलाग करतं, गुलाबी पुढे जाऊन वाट अडवतं, नारिंगी जवळ आलं की घाबरून पळतं. आणि तुम्ही दर वेळी तंतोतंत तसेच वळलात तर भुतंही तंतोतंत तशीच वळतात. म्हणजे रस्ते पाठ करता येतात! भाच्याला हे माहीत नव्हतं. "म्हणजे पाढेच की," तो म्हणाला. 'मिस पॅकमॅन'मध्ये मात्र भुतांच्या वागण्याचा असा नेम नाही, तिथे पाठांतर चालत नाही. हा खेळ मूळचा आपल्याकडचा, बरं का. एम.आय.टी. सोडून बाहेर पडलेल्या काही पोरांनी वेलँडला एका घरात बसून 'पॅकमॅन'मध्ये बदल केले, आणि त्यातून १९८२ साली ही बाई जन्माला आली.

'पॅकमॅन'ला शेवट नाही असं त्याच्या कर्त्यांनाही वाटत होतं. पण एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. २५६ व्या पातळीला हिशेब कोसळतो आणि उजव्या अर्ध्या पडद्यावर नुसता अक्षरांचा कचरा दिसतो. आपल्यातले निम्मे लोक ज्या वाय-टू-केच्या पुण्याईने ह्या देशात आले, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. 'डाँकी काँग'मध्येही २२ व्या पातळीला घड्याळाचा हिशेब असाच चुकतो. वर चढायला इतका कमी वेळ मिळतो की नायक वाटेतच मरतो. ३ जुलै १९९९ रोजी बिली मिचेल नावाच्या फ्लोरिडाच्या खेळाडूने ह्याच 'फनस्पॉट'मध्ये 'पॅकमॅन'चे शक्य तेवढे सगळे, म्हणजे ३३,३३,३६० गुण मिळवल्याची नोंद झाली. एकही ठिपका, एकही फळ, एकही भूत न सोडता! पुढे त्याच्या 'डाँकी काँग'च्या विक्रमांवरून मोठा वाद पेटला. २०१८ मध्ये त्याचे विक्रम यादीतून काढले गेले, २०२० मध्ये गिनेसने परत दिले. त्याच्याशी स्पर्धा करणारा वॉशिंग्टन राज्यातला स्टीव्ह वीबी हा शाळामास्तरही इथेच येऊन सर्वांसमक्ष खेळला होता. त्यांच्यावर 'द किंग ऑफ काँग' नावाचा २००७ सालचा माहितीपट आहे, तो जरूर पाहा. महाभारत लहान जागेतही होऊ शकतं हे कळतं.

तासाभराने माझे गुडघे बोलायला लागले म्हणून मी एका बाकावर टेकले. दोघे भाऊ जवळच उभे होते. भाचा सांगत होता, "पण दादा, आमचा खरा गेम मुस्तफा."

"मुस्तफा? तो कुठला?"

"अरे, मुस्तफा माहीत नाही? पुण्यात प्रत्येक पार्लरमध्ये होता. रुपया टाकायचा. चार जण असतात, त्यातला पिवळ्या टोपीवाला मुस्तफा. पळत येऊन लाथ मारतो. गाड्या असतात, डायनोसॉर असतात..."

मुलगा एकदम ओरडलाच, "कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स! यू मीन कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स! मी कॉलेजमध्ये होतो तेव्हा स्टुडंट सेंटरमध्ये होता. मी पण मुस्तफाच घ्यायचो!"

१९९३ सालचा 'कॅपकॉम'चा हा खेळ. त्याचं खरं नाव भारतात फारसं कुणाला ठाऊक नाही. अख्ख्या देशाने त्याला आवडत्या खेळाडूच्या नावाने ओळखलं. एक पुण्याच्या गल्लीत रुपया टाकत होता, दुसरा न्यू जर्सीत क्वार्टर टाकत होता, आणि दोघांनी एकाच माणसाला निवडलं होतं. मग काय विचारता! बांधच फुटला. ह्याने 'अटारी'च्या गोष्टी काढल्या. 'ई.टी.' हा खेळ १९८२ च्या नाताळासाठी पाचेक आठवड्यांत उरकला, तो कुणाला आवडेना, आणि कंपनीने न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामोगोर्डोच्या कचरा-डेपोत काडतुसं पुरली, ती २०१४ मध्ये उकरून काढली. त्याने भारतातल्या 'टीव्ही गेम'च्या सांगितल्या. जपानी यंत्राच्या नकला, आणि त्यात '९९९९९९ इन १' असं लिहिलेलं काडतूस. नऊ लाख नव्याण्णव हजार खेळ म्हणून घरी आणायचं, आणि तेच पाच-सात खेळ पुन्हा पुन्हा. "आमच्या बाबांना वाटलं केवढा फायदा झाला!"

आणि मग आला 'काँट्रा'. दोन शिपाई, तीन जीव, अत्यंत कठीण. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एका सुरात म्हणायला लागले: "अप अप, डाउन डाउन, लेफ्ट राइट, लेफ्ट राइट, बी, ए!" मला वाटलं शाळेतली कवायत आठवली. तो म्हणे मंत्र आहे. सुरुवातीला ही बटणं ह्या क्रमाने दाबली की तीन जिवांचे तीस होतात. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या जपानी प्रोग्रॅमरने तो आधी दुसऱ्याच एका खेळासाठी केला होता, कारण स्वतःच तयार करत असलेला खेळ तपासताना त्यालाच तो झेपेना! आमच्या चिरंजिवांना हा मंत्र शाळेच्या बसमध्ये एका इटालियन मुलाने दिला. भाच्याला वाड्यातल्या वरच्या मजल्यावरच्या मुलाने. तेव्हा इंटरनेट नव्हतं, आम्ही भारतात फोन करायचो तोही मिनिटं मोजून. मोठी माणसं खुशालीची निळी पत्रं पाठवत होतो, आणि पोरांचे मंत्र कानोकानी सगळ्या जगभर पोचले होते.

नातू इतका वेळ ऐकत होता. त्याला दोघांनी 'जाउस्ट'समोर उभं केलं, शहामृगावर बसून लढायचा खेळ, दोघांनी मिळून खेळायचा. तो आणि भाचा. आमचा नातू मराठी समजतो, पण उत्तर इंग्रजीतच देतो. त्या दिवशी भाचा खेळताना सारखा ओरडत होता, "वर ये, वर ये! अरे मागून आला!" आणि तिसऱ्या डावाला नातू ओरडला, "काका, मागे! मागे बघा!" कुणी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही, मीही नाही. कौतुक केलं असतं तर पोरगं गप्प झालं असतं.

एका कोपऱ्यात एक यंत्र उघडून त्यात डोकं घातलेला एक गृहस्थ दुरुस्ती करत होता. आमच्या ह्यांना उघडं यंत्र दिसलं की राहवत नाही. त्याने उत्साहाने समजावून सांगितलं. बहुतेक खेळांत चित्र वरून खाली ओळ ओळ काढलं जातं, मागावर कापड विणल्यासारखं. पण 'अ‍ॅस्टेरॉइड्स' किंवा 'टेम्पेस्ट'मध्ये किरण सरळ एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत रेघ ओढतो, ठिपक्यांची रांगोळी काढावी तसा. म्हणून त्या रेघा इतक्या तेजस्वी आणि रेखीव दिसतात. काचेच्या जुन्या पिक्चर ट्यूबशिवाय ते होत नाही, आणि त्या ट्यूबचे कारखाने बंद झाले. एक यंत्र जिवंत ठेवायला दुसऱ्या मेलेल्या यंत्राचे भाग काढायचे. मी विचारलं, मग लोकांना खेळू का देता? दांडे झिजतात, बटणं तुटतात. तो म्हणाला, न वापरता ठेवलं तर जास्त लवकर बिघडतात, आणि बिघडल्याचं कळतही नाही.

हे ऐकल्यावर मला आपल्या मंडळाचं पुस्तकांचं कपाट आठवलं. कुलूप व्यवस्थित आहे, किल्ली कुणाकडे आहे ते दोन वर्षांत कुणी विचारलेलं नाही. पण तो विषय पुढच्या अंकात.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं उपयोगी. बॉस्टनहून न थांबता गेलात तर दोन तास पुरतात. मँचेस्टरला बेअरबुवांच्या शेजारी बसायचं तर सकाळी लवकर निघा. उन्हाळ्यात तळ्याकाठी गर्दी असते, हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ. मे किंवा सप्टेंबर उत्तम. शाकाहारी मंडळींनी शिदोरी न्यावी. साटोऱ्या टिकतात आणि टोकनाच्या हाताने खाता येतात. वरच्या मजल्यावर बाकं थोडी आहेत, तेव्हा ज्येष्ठांनी मिळेल ते पटकावावं. म्युझियम देणग्यांवर चालतं, दाराजवळ पेटी दिसली तर चार आण्यांपेक्षा थोडं अधिक टाकावं.

आणि शेवटची सूचना. मुलं जुन्या खेळांबद्दल बोलायला लागली की ती आपल्या वयाची राहत नाहीत, आणि त्यांना वेळेचं भान राहत नाही. आम्ही आठला निघायचं ठरवलं होतं, निघालो साडेदहाला. घरी पोचेपर्यंत मागच्या सीटवर 'रोबोट्रॉन' कठीण की 'मिसाइल कमांड' ह्याच्यावर कडाक्याचं भांडण चालू होतं, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. आमचे ह्यांनी दोनदा "अरे, हळू बोला" म्हणून सांगितलं. मी त्यांना गाडी चालवायला सांगितलं. तुमच्याही घरात अशी दोन माणसं असतील, जी लग्नामुंजीत शेजारी बसून नुसती जिलबी संपवतात. त्यांना मागच्या सीटवर एकत्र बसवा, आणि वीअर्स बीचला घेऊन जा.